पंचरत्नी गीतेची फलश्रुति

जुन्या पोथीसंग्रहांत पंचरत्नी गीता इतक्या वेळां हातीं येते कीं, संग्राहक ती बहुधा न सोडतांच बाजूस ठेवितात. गीता, विष्णुसहस्रनाम, भीष्मस्तवराज, अनुस्मृति व गजेंद्रमोक्ष हीं पांच प्रकरणें सर्वांच्या परिचयाचीं; मग त्यांत पाहावयाचें काय? आमच्या मतें पाहावयाचें तें गीतेच्या मागेंपुढें लिहिलेल्या मजकुरांत आहे.

आरंभींच्या विनियोगांत गीतेस मालामंत्र मानून व्यास ऋषि, अनुष्टुप् छंद व कृष्ण देवता सांगितलेली असते. अकराव्या अध्यायाचा मोठा भाग त्रिष्टुभांत आहे, पण न्यास करून पाठास बसणारास त्याची अडचण वाटत नाहीं. येथें ग्रंथाचा मंत्र झाला आहे.

त्याहून विचारार्ह गोष्ट माहात्म्याची. वराहपुराणाच्या नांवावर चालणाऱ्या गीतामाहात्म्यांत, पूर्ण पाठ न घडल्यास अर्ध्यानें गोदानाचें, तृतीयांशानें गंगास्नानाचें व षष्ठांशानें सोमयागाचें फळ सांगितलें आहे. (पाठ घटत जातो, फळ मात्र घटत नाहीं, हा हिशेब कोणाहि कारकुनास चकित करील.) खुद्द गीतेचें म्हणणें निराळें आहे. अठराव्या अध्यायाच्या ७० व्या श्लोकांत या संवादाचें अध्ययन हें ज्ञानयज्ञानें केलेलें पूजन ठरविलें आहे; श्रद्धेनें नुसतें ऐकणारास ७१ व्यांत पुण्यवंतांचे लोक दिले आहेत. चौथ्या अध्यायांत तर द्रव्ययज्ञाहून ज्ञानयज्ञ श्रेष्ठ म्हटला आहे. माहात्म्यकारानें त्याच ज्ञानयज्ञाचें मोल पुनः गाय, तीर्थ व याग यांच्या मापानें मोजलें. दुसऱ्या अध्यायांत फलासक्त कर्मकांडावर जी टीका आहे, ती त्याच्यावरच उलटते.

म्हणून पारायण हें निव्वळ भाबडेपण, असें म्हणणाऱ्यांत आम्ही नाहीं. शंकराचार्यांच्या भाष्यांत गीतेची श्लोकसंख्या ७०० सांगितली आहे. श्राडर यांनीं १९३० सालीं प्रसिद्ध केलेल्या काश्मिरी पाठांत थोडे अधिक श्लोक आहेत, परंतु इतरत्र ७०० हीच संख्या रूढ राहिली. नित्य मुखोद्गत म्हणणाऱ्यांच्या समाजांत नवा श्लोक घुसडणें सोपें नव्हतें. मोक्षेच्छु पाठकांनीं संशोधकाचें हें काम नकळत केलें.

यासाठीं सूचींत ‘गीता, पूर्ण’ एवढेंच लिहून पुढचीं-मागचीं पानें वेगळीं काढण्याची रीत आम्हांस घातक वाटते. माहात्म्य मूळ हस्ताक्षरांत आहे कीं मागाहून जोडलें आहे, न्यास कोणता, कागद एक कीं दोन, हें पोथीगणिक नोंदल्यावांचून गीतापाठाचा हा विधि केव्हां रूढ झाला याचा निर्णय होणें नाहीं.