दिसत नाही म्हणजे नव्हतं का?

आजचा विषय आहे ग्रंथालयांचे ऑनलाइन चित्रसंग्रह आणि आपल्या गावांचा इतिहास. आपली गावं म्हणजे पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी, चाकण. ‘इथे कसला आलाय इतिहास, सगळे कारखानेच,’ असं सर्रास म्हटलं जातं. हल्ली त्याला पुरावाही जोडतात : ‘ऑनलाइन शोधलं, काही मिळालं नाही.’ हा पुरावा कितपत टिकतो, ते आज तपासू.

कुमारिल भट्टांची मीमांसा आणि अद्वैत वेदान्त अनुपलब्धीला ज्ञानाचं स्वतंत्र प्रमाण मानतात. समोर जमिनीवर घडा नाही हे मला कळतं, कारण असता तर दिसला असता. पण खोलीत अंधार असेल तर? मग ‘दिसत नाही’ एवढंच म्हणता येतं, ‘नाही’ म्हणता येत नाही. म्हणून अट घातली योग्यतेची : वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. आपला प्रश्न साधा आहे. या संग्रहांत दिवा लागलेला आहे का?

आधी नावं बघा. चिंचवडमधला ‘व’ रोमन लिपीत कुठे डब्ल्यूने लिहिलाय, तर १८८५च्या पुणे गॅझेटियरमध्ये व्हीने. १८०९ साली इथे येऊन गेलेल्या मारिया ग्रॅहमने तर आपल्या प्रवासवर्णनात ‘चिमचोर’ केलंय. पिंपरी नावाची गावं महाराष्ट्रात किती आहेत, ते तुम्हाला सांगायला नको. आजचं स्पेलिंग टाकून शोधणारा माणूस अर्धा अंधारातच असतो.

दुसरी गोष्ट वर्णनाची. ब्रिटिश लायब्ररीने डिसेंबर २०१३मध्ये जुन्या पुस्तकांतली दहा लाखांहून जास्त चित्रं फ्लिकरवर सर्वांसाठी खुली केली. मोठं काम, यात शंका नाही. पण ती चित्रं संगणकाने पानांतून कापून काढलेली. सोबत पुस्तकाचं नाव, साल, पान क्रमांक. चित्रात काय आहे, हे मात्र नाही. म्हणजे तुमच्या गावचं देऊळ तिथे असलं, तरी गावाच्या नावाने ते सापडेलच असं नाही. शिवाय ऑक्टोबर २०२३मध्ये त्याच ग्रंथालयावर सायबर हल्ला झाला आणि त्यांच्या ऑनलाइन सेवा महिनोन्महिने कोलमडल्या. दिवाच गेला. त्या काळात ‘मिळालं नाही’ म्हणणाऱ्याने नेमकं काय सिद्ध केलं?

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची : दिवा कोणाच्या हातात होता? एडवर्ड मूर हा कंपनीचा अधिकारी १८००च्या सुमारास चिंचवडला आला, मग ग्रॅहम आली. दोघांनाही बघायचा होता देव घराण्यातला ‘जिवंत देव’. मोरया गोसावींची परंपरा त्यांच्या लेखी एक नवल होतं. नदीकाठची शेती, बलुतेदार, बाजार यांच्याकडे त्यांची नजर ओझरतीच. पुढे १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने. आता नजर नवभारताची. या नजरेला हवी होती यंत्रं, पाहुणे, कोनशिला. परदेशी कुतूहल गेलं, सरकारी अभिमान आला. पण दोन्हींमध्ये गावकरी कडेलाच उभा.

आता खरा तोटा बघा. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि या पट्ट्यातली शेतं कारखान्यांना गेली. कोणाची गेली, हे जुन्या सातबाऱ्यावर सापडेल. तिथे नाव आहे, चेहरा नाही. कारखान्यांच्या समारंभी फोटोंत अनेकदा उलटं : मंत्र्यांचं, साहेबांचं नाव खाली छापलेलं, आणि मागे रांगेत उभे ते नुसते ‘कामगार’. चेहरा आहे, नाव नाही. ज्याची जमीन गेली तोच किंवा त्याचा मुलगा त्या रांगेत असेलही. पण या दोन कागदांची गाठ घालून देणारी माणसं आज ऐंशीच्या पुढे आहेत. हे संग्रह आपल्याला वाट बघायला लावू शकतात, वय नाही लावत.

मग हे संग्रह टाकाऊ का? मुळीच नाही. येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात पेशवाईतल्या पुण्याच्या गंगाराम तांबटची चित्रं आहेत, घरबसल्या बघता येतात. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्याने रेखाटलाय. दोनशेहून अधिक वर्षांनी आपण त्याला नावाने ओळखतो, कारण कोणीतरी चित्राबरोबर ते नाव टिपून ठेवलं. एवढ्या एका ओळीने चित्राचा इतिहास होतो.

ती ओळ आपल्याकडे कोण लिहिणार? पिंपरी कॅम्पातल्या निर्वासित सिंधी कुटुंबांच्या पेट्यांत, भोसरी-चिखलीच्या वाड्यांत, कामगार वसाहतींतल्या अल्बममध्ये फोटो आहेत. घरच्यांची संमती घेऊन ते स्कॅन करा. त्याआधी मागे पेन्सिलीने लिहा : साल, जागा, डावीकडून कोण कोण. गावाचं नाव जुन्या-नव्या सगळ्या रूपांत लिहा. आपल्या नगर वाचनालयांनी हे काम अंगावर घ्यावं, अशी माझी जाहीर मागणी आहे.

१६६० साली चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाविरुद्ध लढवला, हे सगळे सांगतात. त्यांच्याबरोबर तटावर कोण होतं, ती नावं आता विचारायची कोणाला? कारखान्यांच्या पहिल्या पिढीला मात्र अजून विचारता येतं. थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.