मैदानावरील ‘कंदिसा’

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रमाचे मैदान ज्याने विवेकानंद जयंतीच्या उत्सवात पाहिले आहे, त्याला गर्दीचे नवल उरत नाही. शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमाचा हा उत्सव. कीर्तने, भजने, व्याख्याने होतात. मग उघड्या रानात माणसांच्या पंगतीच पंगती बसतात आणि पुरी व वांग्याची भाजी वाढण्यासाठी ट्रॅक्टर फिरू लागतात. नोकरीनिमित्त त्या भागात होतो तेव्हा मीही एका कडेला जाऊन बसत असे. भजनातला शब्द न् शब्द समजे, ठेका पायात उतरे; ओठ मात्र मिटलेले राहत. मी तेथे श्रोता होतो, भाविक नव्हतो. हे सारे अनेक वर्षांनी पुण्यात, एका रॉक बँडसमोर उभा असताना, नेमके उलटे होऊन माझ्यासमोर आले.

‘इंडियन ओशन’ हा माझा आवडता वाद्यवृंद. वय पाहता ही कबुली काहींना चमत्कारिक वाटेल. सुस्मित सेन व असीम चक्रवर्ती यांनी १९९० साली दिल्लीत त्याची सुरुवात केली; पुढे राहुल राम आणि अमित किलम येऊन मिळाले. २००० साली त्यांचा ‘कंदिसा’ हा संग्रह निघाला. त्यातले शीर्षकगीत ही आपली प्रार्थना आहे. देव पवित्र, सामर्थ्यवान पवित्र, अमर पवित्र, अशी ती त्रिवार स्तुती अरामी कुळातील सुरियानी भाषेत केरळच्या संत थॉमस परंपरेच्या ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतके जपली. आपण लॅटिन परंपरेचे. तरी शुभ शुक्रवारच्या क्रूसवंदनेत हीच स्तुती येते, आणि तीसुद्धा मूळ ग्रीक शब्दांसह गाण्याची प्रथा होती.

ध्वनिमुद्रित ‘कंदिसा’ मी किती वेळा ऐकले याची गणती नाही. दिवा विझवून, एकट्याने. त्यामुळे ते गीत माझ्या खोलीपुरते झाले होते. २०१० साली एनएच७ वीकेंडर सुरू झाल्यापासून पुण्याला खुल्या मैदानांवरच्या संगीतमेळ्यांची सवय झाली आहे. अशाच एका मेळ्यात मी हे गीत प्रथम प्रत्यक्ष ऐकले. धूळ, खाद्यपदार्थांचे ठेले, दूरच्या दुसऱ्या मंचावरून वाऱ्यासोबत येणारा गोंगाट, खांद्यावर चढून बसलेली मुले. प्रार्थनेला प्रतिकूल म्हणून जे जे सांगता येईल ते सर्व तेथे हजर होते.

गीताची सुरुवात संथ आहे. गिटारचे मोजके स्वर, आणि त्यावर जवळजवळ देवळातल्यासारखा एकसुरी आलाप. ड्रमला कोणतीही घाई नाही. राहुल राम यांची बास गिटार ध्वनिमुद्रणात केवळ आधार वाटते. मैदानावर ती कानांआधी छातीत ऐकू येते. मग हळूहळू आवर्तने दाटत जातात. या बँडची थोरवी अशी की त्याने प्रार्थनेला रॉकचे कपडे चढवले नाहीत. प्रार्थनेच्या पुनरुक्तीतच दडलेली लय त्याने शोधून काढली. आपली भक्तिगीते ध्वनिमुद्रित करणाऱ्यांनी हा संयम अभ्यासावा. आपल्याकडे शब्द संपण्याआधीच सिंथेसायझर धावत सुटतो.

आणि समोरची गर्दी गाऊ लागली. हजारो तरुण कंठ, सुरियानी शब्द, एकही चुकत नव्हता. शेजारच्या मुलाने मला विचारले, “काका, ही कुठली भाषा हो?” मी सांगितले. तो हसून म्हणाला, “म्हणजे भजनच की,” आणि पुन्हा डोळे मिटून गाऊ लागला. त्याला अर्थ ठाऊक नव्हता आणि तो गात होता. मला ठाऊक होता, प्रार्थना माझी होती, आणि माझे ओठ हिवऱ्यासारखेच मिटलेले होते.

न समजणाऱ्या भाषेतली स्तुती ही स्तुती असते काय? फादर स्टीफन्स यांना हा प्रश्न पडला होता असे म्हणता येईल. १६१६ साली राचोल येथे छापल्या गेलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’तली ओवी हे त्यांचे उत्तर. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपली मिस्सा मराठीत आली. केरळच्या सिरो-मलबार ख्रिस्तसभेची उपासनाही १९६२ पासून मल्याळममध्ये होऊ लागली. अर्थ लोकांपर्यंत पोहोचावा म्हणून आपण जी भाषा मागे ठेवली, ती नाद म्हणून मैदानावर परत आली आहे. मला याचा आनंद झाला आणि थोडा मत्सरही वाटला. आमच्या आईवडिलांची पिढी लॅटिन असेच गात होती. त्यांची भक्ती उणी होती असे म्हणण्याचे धैर्य मला नाही; मग त्या मुलाला कोणत्या तोंडाने बोल लावू?

तरीही एक आक्षेप नोंदवतो. या प्रार्थनेत स्तुतीमागोमाग दयेची याचना आहे. पवित्र म्हणून हाक मारायची ती आपण पवित्र नाही म्हणून. बँडचे संगीत स्तुतीला पुरेपूर न्याय देते. स्वर उंचावत जातो, आकाश मोकळे होते. परंतु तो कोठेच वाकत नाही. शुभ शुक्रवारी क्रूसाजवळ जाणाऱ्या माणसाचे गुडघे टेकतात, तो क्षण या रचनेत नाही.

निदान ध्वनिमुद्रणात तरी नाही. मैदानावर मात्र एक पोकळी होती. तबला वाजवता वाजवता गाणारे असीम चक्रवर्ती २००९ साली, नेमके नाताळच्या दिवशी, वारले. त्यांच्या जागी आलेले हिमांशु जोशी आणि तुहीन चक्रवर्ती उत्तम गातात, वाजवतात. नक्कल करीत नाहीत. पण एका आवर्तनात सगळी वाद्ये खाली आली, राहुल राम माइकपासून मागे सरकले आणि काही क्षण केवळ गर्दीचा आवाज उरला, विस्कळीत, किंचित बेसूर. त्या वेळी माझ्याही तोंडून शब्द निघाले. मराठीत निघाले, आणि दयेच्या याचनेचे तेवढेच. शेजारच्या मुलाने एकदा वळून पाहिले व आपला सूर सांभाळला.