'साऊंड्स फ्रॉम सायलेन्स' : कृत्रिम श्रवणाची कथा आणि ऐकणाऱ्याचे स्थान

विद्यापीठीय संशोधनातून एखादे उपकरण सिद्ध होते, तेव्हा त्याची कथा बहुधा संशोधकाच्याच तोंडून सांगितली जाते. ग्रॅम क्लार्क यांचे 'साऊंड्स फ्रॉम सायलेन्स' (२०००) हे आत्मकथन याच परंपरेतील होय. कॉक्लियर इम्प्लांटच्या या कथेतील 'ऐकणाऱ्या'चे स्थान तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बहिऱ्या वडिलांचा मुलगा, १९७० पासून मेलबर्न विद्यापीठातील प्राध्यापक, निधीसाठीची वणवण, तज्ज्ञांची साशंकता आणि १ ऑगस्ट १९७८ रोजी रॉड सॉन्डर्स यांच्यावरील शस्त्रक्रिया असा कथेचा चढता क्रम आहे. समुद्रकिनारी शंखात गवताचे पाते सरकवताना, अंतर्कर्णाच्या शंखाकृती पोकळीत इलेक्ट्रोड कसे शिरवावेत हे क्लार्क यांना उमगले. हा प्रसंग सर्वत्र सांगितला जातो.

परंतु दुसरा प्रसंग अधिक मोलाचा आहे. चाचण्यांत निरनिराळ्या इलेक्ट्रोडना विद्युत्स्पंद दिले असता आपणांस स्वरांसारखे ध्वनी जाणवतात, असे सॉन्डर्स यांनी सांगितले. बोलण्यातील कोणता अंश श्रवणमज्जेपर्यंत पोहोचवावा, याची दिशा या साक्षीतून मिळाली. म्हणजेच सॉन्डर्स हे केवळ रुग्ण नव्हते, तर ज्ञाननिर्मितीतील भागीदार होते. आत्मकथनात 'मी' केंद्रस्थानी राहत असल्याने ही भागीदारी कृतज्ञतेच्या पातळीवरच थांबते. ही या वाङ्मयप्रकाराची मर्यादा म्हणावी लागेल.

शिवाय सॉन्डर्स यांना भाषा आधीपासून अवगत होती. जन्मतः बहिऱ्या बालकाला ती घडवावी लागते. अमेरिकेत हे उपकरण १९८५ मध्ये प्रौढांसाठी व १९९० मध्ये बालकांसाठी मान्य झाले, तेव्हा प्रश्नाचे स्वरूपच पालटले. जॉश अॅरॉन्सन यांचा 'साऊंड अँड फ्युरी' (२०००) हा माहितीपट येथे पूरक ठरतो. त्यात एक भाऊ आपल्या बाळासाठी रोपण स्वीकारतो, तर दुसरा, स्वतः बहिरा असलेला, मुलीसाठी ते नाकारतो. त्याच्या लेखी खूणभाषा ही उणीव नसून संस्कृती आहे. त्या मुलीने पुढे रोपण करून घेतले, ही बाबही नोंदवली पाहिजे. निर्णय कोणाचा, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. उलट तीव्र होतो.

हा प्रश्न आता आपल्या दारीही आला आहे. केंद्र शासनाच्या 'अॅडिप' योजनेतून बालकांना हे रोपण मिळते. त्यांपैकी कोणी उद्या आपल्या वर्गात बसेल. गोंगाटात या उपकरणाने बोलणे समजणे कठीण जाते. फळ्याकडे तोंड करून व्याख्यान देणाऱ्या प्रस्तुत लेखकाला ही जाणीव उशिराच झाली. उपकरण प्रयोगशाळेत सिद्ध होते. मात्र त्याचे साफल्य ऐकणाऱ्याच्या साक्षीवर आणि बोलणाऱ्याच्या वर्तनावर अवलंबून असते, हाच या अभ्यासाचा निष्कर्ष होय.