एकट्याचे मासिक आणि त्याचे वाचक

इथल्या मराठी मंडळांत लिहिणाऱ्यांचा कधी तोटा पडला नाही. दिवाळी अंकासाठी साहित्य मागवले की संपादकाकडे कथा, कविता आणि अलास्काच्या सहलीची वर्णने यांचा पाऊस पडतो. अंक घरोघरी पोचला की मात्र सामसूम. महिन्याभराने एखाद्या पॉटलकला लेखक हळूच विषय काढतो, "अंक मिळाला का?" समोरच्या वहिनी "हो, छान झालाय," म्हणतात आणि भरल्या वांग्यांचे भांडे पुढे सरकवतात. मग लिहिणारी मंडळी आपापसांत बोलू लागतात की वाचक वाढवायचे तरी कसे. उत्तरेही ठरलेली असतात. लहान लिहा, हलकेफुलके लिहा, मथळा चटकदार द्या, आणि जमल्यास थोडा वाद उकरून काढा.

डॉक्टरेट अभियांत्रिकीतली आणि पोट सॉफ्टवेअरवर, त्यामुळे मला एक खोड जडली आहे. कोणी उपाय सुचवला की त्याचा परिणाम नेमका कशाने मोजणार, हे मी आधी विचारतो. वरच्या उपायांची परीक्षा करायची तर आपल्या भाषेत एक उत्तम नमुना आहे. एका माणसाने, जवळजवळ एकट्याने लिहून, एक मासिक चालवले आणि त्याला वाचक मिळवले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ साली पुण्यात सुरू झाली आणि १८८१पर्यंत तिचे ८४ अंक निघाले. महिन्याला एक अंक धरला तर सात वर्षांचा हा ऐवज. सुरुवात केली तेव्हा शास्त्रीबोवा चोवीस वर्षांचेही नव्हते आणि १८८२च्या मार्चमध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते गेलेसुद्धा.

मालेत गोष्टी नाहीत, चित्रे नाहीत, पाककृती नाहीत. आहेत ते लांबच लांब निबंध, आणि एकेक निबंध पुढच्या अंकांतही चालूच. म्हणजे आजच्या सल्लागाराने पहिल्या अंकानंतरच डोक्याला हात लावला असता. पहिला निबंध कशावर, तर मराठी भाषेच्या सद्यस्थितीवर! पण वाचक कोण, हे लेखकाने पक्के ओळखले होते. इंग्रजी शिकलेला, मेकॉले वाचून भारावलेला, मराठी ही बायकापोरांशी आणि वाण्याशी बोलायची भाषा असे मानणारा पदवीधर, हा त्यांचा गिऱ्हाईक. त्याला मराठीकडे वळवायचे तर मराठी सोपी करून चालणार नव्हते. इंग्रजीत जी ऐट त्याला दिसत होती तीच मराठीत करून दाखवायला हवी होती. म्हणून ती लांब, तोल सांभाळत जाणारी वाक्ये, मध्येच संस्कृत वचन, आणि शेवटाला उपरोधाचा चिमटा. शास्त्रीबोवांनी स्वतःला मराठी भाषेचा शिवाजी म्हणवून घेतले असे सांगतात. दावा मोठा आहे, पण मालेतले भाषेविषयीचे निबंध वाचताना तो अगदी पोकळ वाटत नाही. त्यांच्या आधीच्या मराठी गद्याला इतका वेळ, इतक्या चढउतारांतून, एकच विचार पेलत नेण्याची सवय फारशी नव्हती.

आणि वाचकहो, तो पदवीधर कोण, हे ओळखीचे वाटते ना? इंग्रजीवर पोट, मराठीविषयी थोडी हळहळ, थोडा कमीपणा. मालेचा वाचक म्हणजे आपलेच पणजोबा. त्यामुळे माला कशी वाढली याचा विचार करताना आपण आपल्याच घराण्याची कुंडली मांडत असतो.

शास्त्रीबोवांचा आदर्श होता डॉ. जॉन्सन. त्यांनी मालेत जॉन्सनवर सविस्तर लिहिले, आणि त्याच्या 'रासेलस'चे वडिलांनी, कृष्णशास्त्र्यांनी, सुरू केलेले भाषांतर पुरे केले. जॉन्सनचे 'रॅम्ब्लर' हेही असेच एकट्याचे पत्र. १७५० ते १७५२ या दोन वर्षांत, दर मंगळवारी आणि शनिवारी, एकूण २०८ अंक. खप पाचशेच्याही आत. त्यातला सर्वांत जास्त खपलेला अंक म्हणतात तो ९७वा, आणि तो जॉन्सनने लिहिलेलाच नव्हता, रिचर्डसन या कादंबरीकाराने लिहिला होता. (असा अनुभव आपल्याकडच्या संपादकांनाही येतो, सगळ्या अंकात लोकांना आवडते ते पाहुण्याचे पान.) पण तेच निबंध पुढे पुस्तकरूपाने आले आणि जॉन्सनच्या हयातीतच त्यांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. त्याच्या चाळीस वर्षे आधी ॲडिसनने 'स्पेक्टेटर'मध्ये अभिमानाने लिहिले होते की आपले पत्र रोज तीन हजार प्रती जाते, आणि प्रतीमागे वीस वाचक धरले तर साठ हजार होतात. हा वीसचा आकडा त्याने कोठून आणला ते त्यालाच ठाऊक. वाचक मोजण्याचा धंदा तेव्हापासूनच सढळ हाताने चालत आला आहे.

पुण्यात परत येऊ. शास्त्रीबोवा नुसते लिहून थांबले नाहीत, हे मला इंजिनिअर म्हणून फार महत्त्वाचे वाटते. सरकारी शाळेतली मास्तरकी, त्यात रत्नागिरीला बदली. १८७९ साली त्यांनी नोकरी सोडली. चित्रशाळा, आर्यभूषण छापखाना आणि पुस्तकांचे दुकान म्हणून किताबखाना ही सगळी त्यांच्या आणि सोबत्यांच्या उद्योगातली कामे. १८८०च्या जानेवारीत टिळकांना बरोबर घेऊन न्यू इंग्लिश स्कूल निघाले, वर्षभराने 'केसरी' आणि 'मराठा'. म्हणजे लिहिणे, छापणे, विकणे आणि उद्याचा वाचक वर्गात बसवून तयार करणे, ही साखळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उभी राहिली. वाचक वाढवा म्हणणाऱ्यांपैकी शाळा काढण्यापर्यंत कोण जातो? आपल्याकडे अंकाचे संपादक आणि रविवारच्या मराठी शाळेचे शिक्षक यांची बैठक एकत्र होत असेल तर मला कळवावे.

इथपर्यंत कौतुक. आता दुसरी बाजू, कारण मालेला वाचक मिळवून देण्यात भांडणांचाही मोठा वाटा होता. लोकहितवादींची 'शतपत्रे' १८४८ ते १८५०च्या दरम्यान आलेली, म्हणजे शास्त्रीबोवांच्या जन्माच्या आसपासची. पाव शतकानंतर त्यांनी ती पुन्हा बाहेर काढून लोकहितवादींची झाडाझडती घेतली. दयानंद सरस्वती सुटले नाहीत, मिशनरी सुटले नाहीत, आणि जोतीराव फुले तर नाहीतच. उपहास हे शास्त्रीबोवांचे धारदार हत्यार होते आणि ते चालवताना त्यांना मजा येत होती, हे पानापानांवर दिसते. वाचकालाही मजा येत होती. आपल्या गणेशोत्सवात माइक हातात घेतलेला उत्साही कार्यकर्ता स्पीकरच्या जवळ गेला की कर्कश शिट्टी वाजते. माइकमध्ये गेलेला आवाज स्पीकरमधून मोठा होऊन येतो, तोच पुन्हा माइकमध्ये शिरतो, आणखी मोठा होतो, आणि शेवटी बोलणाऱ्याचे शब्द कोणाला ऐकूच येत नाहीत. टाळ्यांवर वाढणाऱ्या लेखनाचे असेच होते. मालेतल्या वादाच्या निबंधांत ही शिट्टी जागोजागी ऐकू येते. भाषेवरच्या आणि जॉन्सनवरच्या निबंधांत ती नाही, म्हणून ते आजही वाचता येतात.

सर्वांत उणे लेखन फुल्यांविषयीचे. सत्यशोधक समाज १८७३ साली स्थापन झाला, 'गुलामगिरी' त्याच वर्षी आली. शास्त्रीबोवांनी या लेखनाची जी संभावना केली तिचा मोठा भर फुल्यांच्या व्याकरणावर आणि शुद्धलेखनावर आहे. पुस्तक काय म्हणते आहे, शूद्रातिशूद्रांना शिक्षणाबाहेर कोणी ठेवले, हा प्रश्न बाजूला, आणि हसे कशाचे, तर ऱ्हस्वदीर्घाचे! समीक्षा म्हणून हे कच्चे आहे. ज्याला शाळेत येऊ दिले नाही त्याची शाळेच्या नियमांनी परीक्षा घेतली, तर निकाल आधीच लागलेला असतो. त्या काळी पुण्याच्या वाचकाला हे खुमासदार वाटले असेल. पण या हसण्याने मालेचा वाचकवर्ग जसा एकजीव झाला तसाच तो कुंपणातही बंद झाला. ज्यांना हसले जात होते ते वर्गणी कशाला भरतील? कुंपणाच्या आत संख्या वाढत राहिली एवढेच.

फुल्यांचा मार्ग पाहा. त्यांचा माणूस बहुतेक निरक्षर. त्याच्यासाठी लिहायचे म्हणजे काय करायचे? १८६९ साली त्यांनी शिवाजीराजांवर लिहिले ते पोवाड्यात, म्हणजे कानांसाठी. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहून झाला. त्याचे पहिले दोन भाग 'दीनबंधू'त आले, पुढचे आले नाहीत. त्यांच्या हयातीत तो पुस्तकरूपाने निघाला नाही. आजच्या हिशेबात खप शून्य. पण त्यांनी तो मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर, वंगणी इथे माणसे जमवून वाचून दाखवला. बडोद्यात सयाजीराव महाराजांनीही तो ऐकला. हडपसरच्या शेतकऱ्याला आणि बडोद्याच्या राजाला एकच मजकूर. मराठीतल्या दुसऱ्या कोणत्या गद्यग्रंथाला छापण्याआधी असे श्रोते मिळाले असतील, मला आठवत नाही. १८८५ साली फुल्यांनी 'सत्सार' नावाचे छोटे अनियतकालिक काढले, त्याचे दोनच अंक निघाले. ८४ पुढे दोन. पण त्यात त्यांनी पंडिता रमाबाई आणि ताराबाई शिंदे यांची बाजू घेतली, आणि ते काम तेव्हा फारसे कोणी करत नव्हते.

ताराबाईंचे नाव आलेच आहे तर थोडे त्यांच्याविषयी. 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली पुण्यात छापली गेली, पाचशे प्रती. त्यानंतर ती जवळजवळ नाहीशी झाली. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ती पुन्हा प्रसिद्ध केली, आणि आज स्त्रीप्रश्नावर बोलताना तिच्याशिवाय पुढे जाता येत नाही. मधली ९३ वर्षे वाचक जवळजवळ नाहीच. या बाईंनी वाचक वाढवण्यासाठी काय करायला हवे होते? मथळा बदलायला हवा होता का? उलट, मालेतला 'आमच्या देशाची स्थिती' हा शेवटचा निबंध सरकारने १९१० साली जप्त केला, बंदी उठली १९३७ साली. जप्तीने त्याचे नाव जितके दूरवर गेले तितके वर्गणीने गेले नसते. लेखकाच्या हातात किती थोडे असते ते यावरून दिसते.

माझ्या मते चिपळूणकर आणि फुले यांच्यातला फरक असा. चिपळूणकरांनी मराठी गद्याची उंची वाढवली आणि ते पेलणारा वाचक घडवला. तो वाचक पुढे 'केसरी'ला मिळाला, हे ऋण लहान नाही. फुल्यांनी वाचक म्हणजे कोण ही व्याख्याच रुंद केली. शाळेत आपल्याला पहिलेच जास्त शिकवले गेले, कारण अभ्यासक्रम ठरवणारे मालेच्या वाचकांचेच वंशज होते. चिपळूणकरांना वाङ्मयात श्रेष्ठ आणि फुल्यांना 'समाजसुधारक' या वेगळ्या कप्प्यात ठेवण्याची जुनी रीत त्यातूनच आली. फुल्यांचे गद्य ओबडधोबड आहे हे खरे. पण 'असूडा'च्या चौथ्या प्रकरणात सरकारी दारातून हात हलवत परतणारा, स्वतःशीच पुटपुटणारा शेतकरी आणि पुढे त्याच्या घराचे जे वर्णन येते, त्याला तोलून धरेल असे पान मला मालेत सापडत नाही. तिथे लेखक कोणावर कुरघोडी करत नाही, तो फक्त पाहतो.

हे सगळे इतक्या लांब बसून उगाळायचे कारण आपल्याच घरात आहे. इथे वाढलेली आपली मुले मराठी बोललेले समजतात, आजीशी फोनवर चार वाक्ये बोलतातही, पण देवनागरी अक्षरांसमोर त्यांतली बरीच अडखळतात. 'नवे वाचक हवेत' असे आपण म्हणतो तेव्हा ही मुले आपल्या डोळ्यांसमोर असतात का? बहुधा नसतात. आपण आपल्याच वयाच्या, आपल्याच शाळांतून आलेल्या चाळीस-पन्नास कुटुंबांसाठी लिहितो, आणि त्यातल्या त्यात वाटा वाढावा म्हणून मथळे रंगवतो. कुंपण तेच, फक्त अटलांटिकच्या अलीकडे.

मुलांना लिपी शिकवावी, यात वादच नाही. शास्त्रीबोवांचा शाळेचा मार्ग तोच होता. पण ती शिकेपर्यंत आपल्या लेखनाने थांबून राहायचे का? मी गेल्या वर्षीच्या आपल्या अंकातले काही लेख मोठ्याने वाचून पाहिले. बरेचसे तिसऱ्या वाक्याला धाप लागून बसले. प्रत्येक वाक्यात दोन भाववाचक नामे, क्रियापदाचा पत्ता पार शेवटी, आणि माणूस कुठेच नाही. मालेतली वाक्येही लांब, पण ती मोठ्याने वाचता येतात. आपली येत नाहीत, कारण आपण मालेची लांबी घेतली आणि तिचा ताल सोडला. आवाजात टिकले ते दोनच लेख. एक बाळंतपणाला आलेल्या आईविषयीचा आणि दुसरा, आश्चर्य वाटेल, घराच्या छपराची गळती स्वतः दुरुस्त करण्याविषयीचा. त्यात कौले, डांबर, शिडी, शेजाऱ्याचे सल्ले सगळे जागच्या जागी होते, आणि तो लिहिणाऱ्या गृहस्थांनी याआधी कधी एक ओळ लिहिलेली नव्हती.

पुढच्या कोजागिरीला मसाला दूध आटेपर्यंतचा अर्धा तास मोकळाच असतो. तिथे हा छपराचा लेख लेखकाने स्वतः उभे राहून वाचावा, असे मी कार्यकारिणीला सुचवले आहे. मुलांनी तळघरात व्हिडिओ गेम खेळायला न जाता तिथेच बसावे, अशी अट घालू नये. ती बसतात की उठून जातात, आणि कोणत्या वाक्याला उठतात, हे लेखकाला समोर दिसेल.