इंद्रायणीत काय बुडाले?

माउली, हा प्रश्न तुमच्या गावच्या भजनी मंडळापुढेही कधी तरी येईल, म्हणून लिहितो. मुलांसाठी संतांच्या चित्रकथा आपण घेतो. पहिला अंक कौतुकाने घेतो, दुसरा सवयीने, आणि पुढचे केवळ भिडेने. संतांच्या पुस्तकाला नको कसे म्हणायचे? तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही दर एकादशीला मुलांना जमवतो. तिथे अशाच एका मालेचे पाच अंक आले. सहावा घ्यावा की नाही, यावर मंडळाच्या दोन बैठका झाल्या. मालेचे नाव देत नाही. निंदा करायची नाही, आणि हा दोष काही एकाच मालेत आहे असेही नाही. पण पैसे सप्ताहाच्या शिल्लकीतले होते, आणि त्यात डहाणूच्या चिकूच्या वाड्यांत मजुरीला जाणाऱ्या बायांनी घातलेले दहा-दहा रुपये होते. म्हणून हिशेब मांडायलाच हवा.

चित्रकथा हा प्रकार मुळात वाईट नाही. अनंत पै यांनी 1967 साली अमर चित्रकथा सुरू केली, आणि तिच्या बत्तीस पानी अंकांतून कितीतरी घरांत ज्ञानोबा, एकनाथ, तुकोबा, चोखोबा पोहोचले. कीर्तनाला कधी न बसलेल्या मुलालाही त्यातून नावे कळली. तेव्हा "चित्रांत संत कसे मावणार?" हा आक्षेप मी घेत नाही. बत्तीस पानांत काय घ्यायचे आणि काय सोडायचे, एवढेच मी पाहतो.

आमच्या मालेतला तुकोबांचा अंक घ्या. गाथा तरल्याचा प्रसंग सहा पानांत आहे. वैकुंठगमनाला चार पाने, त्यात विमान तर फार मेहनतीने काढले आहे. दुष्काळ एका पानात उरकला. आणि कर्जाची खते नदीत सोडल्याचा प्रसंग? एक चौकट. तीही कोपऱ्यातली. तुकोबांच्या हातात कसलेतरी कागद आहेत, खाली लिहिले आहे की त्यांना संसाराची विरक्ती आली.

माउली, इथेच माझे मन मोडले. तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळात पहिली बायको गेली, मूल गेले. त्यानंतर लोकांकडे येणे असलेल्या रकमांची खते काढली, अर्धी कान्होबांच्या वाट्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली, असे आपण परंपरेने ऐकत आलो. पुढे त्याच इंद्रायणीत गाथेच्या वह्या बुडवायची वेळ आली. नदी तीच. एकदा कागद स्वतःच्या हाताने बुडवले, ते वर आले नाहीत आणि यावेत अशी इच्छाही नव्हती. दुसऱ्यांदा बुडवायला लागले, ते वर आले. पहिले बुडणे काढून टाकले की दुसरे तरणे नुसता जादूचा खेळ होतो. आमच्या मुलांना तसेच वाटले. एकाने पाटीवर कागद ठेवून तळ्यात सोडून पाहिला. कागद भिजला, आणि पोरगा खट्टू झाला.

दुसरीकडे कुठे ही चौकट लहान असती तर कदाचित मी गप्प बसलो असतो. तलासरीत गप्प बसवत नाही. या मुलुखात लग्नगडी नावाची रीत होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडे धान्य, थोडे पैसे घ्यायचे, आणि मग नवरा-बायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचे. 1945 साली गोदावरी परुळेकरांच्या सोबत वारली माणूस वेठीविरुद्ध उभा राहिला तो इथेच. बाईंनी ते 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवले आहे. पाड्यावरचे एक म्हातारबाबा, अक्षरओळख नसलेले, चित्रे पाहत होते. मी ती कोपऱ्यातली चौकट वाचून दाखवली. ते म्हणाले, सावकारानेच खत बुडवले? आणि पुन्हा वाचायला लावले. तिसऱ्यांदाही. विमानाचे पान त्यांनी नुसते उलटले.

चोखोबांच्या अंकातही तेच. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून चोखोबा गेले, नामदेवरायांनी अस्थी आणल्या, महाद्वारी समाधी झाली. माला अस्थींतून निघणारा उजेड दोन पानभर रंगवते, पण हा भक्त दाराच्या बाहेरच का, हे सांगत नाही. "ते गरीब होते" एवढेच लिहिले आहे. गरिबाला का कोणी दाराबाहेर ठेवत होते? साने गुरुजींना 1947 साली पंढरपुरात त्याच दारासाठी उपोषणाला बसावे लागले, हे मुलाला कळले तर त्याची भक्ती कमी होईल, अशी भीती कोणाला वाटली असेल?

चित्रकाराबद्दलही बोलतो. चेहरे सगळे गोरे, गालावर एकेक अश्रू, आणि हात रिकामे. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रे तुम्ही पाहिली असतील. त्यांतल्या माणसांना नाक-डोळेही नसतात, पण कोण लावणी करतो, कोण तारप्याभोवती नाचतो, हे लांबून कळते. पेरणाऱ्या, दळणाऱ्या, ढोरे ओढणाऱ्या संतांना रिकाम्या हाताचे काढायचे म्हणजे फारच झाले.

बैठकीत एका ज्येष्ठ माळकऱ्यांनी माझे म्हणणे खोडले. म्हणाले, चमत्कार आहे म्हणून तर पोरे पुस्तक उघडतात. उरलेले आपण तोंडाने सांगावे, नाहीतर आपण कशाला आहोत? यात तथ्य आहे. नामदेवरायांच्या अंकात कुत्रे पोळी घेऊन पळते आणि देव तुपाची वाटी घेऊन मागे धावावे तसे नामदेव धावतात, ते पान खरोखर सुरेख आहे, मुले ते पाहून हसता हसता गप्प झाली होती. म्हणजे या मंडळींना जमत नाही असे नाही. म्हणूनच राग येतो.

शेवटी असे ठरले की अगोदर पैसे भरून अंक मागवायचे नाहीत. नामदेवांचा आणि तुकोबांचा अंक पेटीत ठेवले. तुकोबांच्या अंकात जे नाही ते मुलांनीच काढले: एका घराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने नदी, काठावर माणसे, आणि पाण्यात तळाशी जाणारे चौकोनी कागद. म्हातारबाबांनी सांगून कागदांची संख्या वाढवून घेतली.

पुढचा अंक जनाबाईंचा जाहीर झाला आहे. डहाणूच्या दुकानदाराला एक प्रत बाजूला ठेवायला सांगितली आहे, पण आधी दुकानातच उघडून पाहणार, जात्याला किती चौकटी मिळाल्या आहेत ते.