येलहंक्याच्या आकाशातलं विलंबित

हवाई प्रात्यक्षिकांना येणारा माणूस वेग बघायला येतो. त्यात गैर काही नाही. पण बंगळुरूजवळच्या येलहंका हवाई तळावर १९९६ पासून साधारण दर दोन वर्षांनी भरणाऱ्या ‘एरो इंडिया’त फेब्रुवारीच्या उन्हात अख्खा दिवस काढला, की एक गोष्ट डोळ्यांत भरते. विमान सुसाट जातं तेव्हा बघायला फार थोडं उरतं. नजर पोचेस्तोवर ते पार झालेलं असतं. वैमानिक काय ताकदीचा आहे ते कळतं विमान हळू उडतं तेव्हा. द्रुत तानेला टाळी सगळेच देतात. गाणाऱ्याचा दम कळतो तो विलंबितात.

सुखोई-३० एमकेआय घ्या. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) कारखान्यात बांधलेलं हे सुमारे २२ मीटर लांबीचं, दोन इंजिनांचं धूड. आफ्टरबर्नर पेटवून ते धावपट्टी सोडतं आणि सरळ वर घुसतं, तेव्हा छातीची बरगडी न् बरगडी थरथरते. गर्दी ओरडते, मीही ओरडतो. पण जीव अडकलेला असतो पुढच्या दोन-तीन मिनिटांत. विमान प्रेक्षकांसमोर येतं, नाक वर उचलतं आणि वेग सोडू लागतं. इतकं नाक उचललं तर साध्या विमानाच्या पंखांवरून हवेचा प्रवाह सुटतो आणि ते कोसळतं. सुखोईच्या इंजिनांची तोंडं मात्र हलवता येतात. पंखांची पकड सुटत जाते तसं विमान सांभाळायचं काम इंजिनं अंगावर घेतात. यावेळी दुर्बीण शेपटीवर लावावी. आडवे पृष्ठभाग एक क्षण स्थिर नसतात. बोटभर वर, बोटभर खाली, पुन्हा वर. दुरून तरंगत असल्यासारखं दिसणारं ते विमान प्रत्यक्षात सतत सावरलं जात असतं. मागे तापलेल्या हवेत समोरची झाडं वितळल्यासारखी हलतात.

आणि मग टेल स्लाइड. सरळ वर चढता चढता वेग संपतो, विमान थबकतं आणि शेपटीच्या दिशेनं मागे घसरू लागतं. नाक खाली पडून पुन्हा वेग धरेपर्यंतचा तो वेळ घड्याळात क्षुल्लक असेल. माझ्या लेखी सगळ्या दिवसाचं मोल तिथे आहे.

आवाजाचंही गणित असतं. एक किलोमीटरवरून आवाज यायला सुमारे तीन सेकंद लागतात. नवखा प्रेक्षक आवाजाच्या दिशेला बघतो आणि त्याला मोकळं आकाश दिसतं. सरावलेला माणूस आवाजाच्या बराच पुढे नजर टाकतो. संथ आणि जवळच्या उड्डाणात मात्र ही फारकत मिटते. जिथे विमान तिथेच गर्जना. ते उड्डाण इतकं अंगावर येतं त्याचं निम्मं कारण हेच.

हवाई दलाच्या सूर्यकिरण या कसरतपथकाची नऊ हॉक विमानं येतात तेव्हा बघण्याची रीत बदलावी लागते. लाल-पांढरी विमानं, दोन पंखांच्या टोकांत पाच मीटरहून कमी अंतर. नऊच्या नऊ बघू गेलं तर नुसती नक्षी दिसते. कडेचं एक विमान निवडावं. वळणात बाहेरच्या विमानाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी; त्यामुळे नऊ हात नऊ थ्रॉटलवर सतत पुढे-मागे होत असतात. मागच्यांची नजर जमिनीवर नसते, पुढच्या विमानावर असते. जमीन, उंची, वेळ सांभाळायची ती म्होरक्यानं. लूपच्या माथ्यावर वेग सर्वांत कमी होतो आणि आकृती विस्कटायची तर तिथेच विस्कटते. म्हणून म्होरक्या आपल्या इंजिनाची पूर्ण ताकद कधी वापरत नाही. मागच्यांना जागा राखायला थोडी जादा शिल्लक हवी. स्वतः कमी घेऊन इतरांना पुरवणारं हे नेतृत्व खालून दिसत नाही. माथ्यावर आकृती जशीच्या तशी उलटली, की ते झालं असं समजायचं.

त्या पाच मीटरांची किंमत इथेच मोजली गेली आहे. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सरावात सूर्यकिरणची दोन विमानं आदळली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. येलहंक्याला नऊच्या आकृतीकडे बघताना हे विसरता येत नाही, विसरूही नये.

सकाळचं सत्र आणि दुपारचं सत्र एकच नव्हे, हेही सांगायला हवं. येलहंका समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच. हवा आधीच विरळ, दुपारी तापून आणखी विरळ. इंजिनाचा जोर कमी पडतो, वळणं फाकतात, जमिनीवरून उठणारे गरम झोत विमानांना हिसके देतात. तीच आकृती दुपारी तितकीच नेटकी दिसली तर दाद दुप्पट द्यावी. घारींचा धोका वेगळाच. त्यांना ओढ लागू नये म्हणून प्रदर्शनाच्या काळात तळाभोवती कित्येक किलोमीटरच्या परिघात मांसविक्री बंद ठेवतात.

जानेवारी २०२४ मध्ये मुंबईकरांना मरीन ड्राइव्हवर हवाई दलाची प्रात्यक्षिकं बघायला मिळाली. समुद्रावरच्या दमट हवेत कचकावून वळणाऱ्या विमानाच्या पंखांवर वाफेचे पांढरे पट्टे धरतात. येलहंक्याच्या कोरड्या हवेत ते सहसा दिसत नाहीत. ते देखणंच. तरी निवड करायची तर मी येलहंकाच निवडेन, कारण तिथे समोर धावपट्टी आहे. तेजस या लढाऊ विमानाला शेपटीचे आडवे पंख नाहीत, नुसता त्रिकोणी पंख. म्हणून ते उतरतं ते नाक चांगलं वर ठेवून. मागची चाकं टेकतात, पण वैमानिक नाक लगेच खाली आणत नाही. सगळा पंख वाऱ्यासमोर धरून त्याचाच ब्रेक करतो आणि विमान तसंच दोन चाकांवर धावत राहतं. गर्दीतले बरेचजण एव्हाना जेवणाच्या रांगेकडे वळलेले असतात. रांग काही पळून जात नाही. पुढचं चाक टेकेपर्यंत थांबावं.