शोकाची शिस्त : स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या संथ धुना

करुण म्हटले की आपला कान कोमल स्वरांची वाट पाहतो. युरोपीय श्रोताही मायनर स्केल ऐकू आली की दुःख ओळखतो. स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या शोकधुना ऐकताना हा ठोकताळा टिकत नाही. नील गाऊ (1727–1807) हा पर्थशायरमधला फिडलवादक. फिडल म्हणजे व्हायोलिनच, फक्त लोकसंगीतातले नाव वेगळे. त्याची सारी हयात नाचाच्या धुना वाजवण्यात गेली. 1805 मध्ये त्याची दुसरी पत्नी मार्गारेट वारली आणि अठ्ठ्याहत्तरीच्या घरात असलेल्या या माणसाने तिच्यासाठी एक शोकधून रचली. ती मेजर स्केलमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत शुद्ध स्वरांत आहे. पहिला भाग खालच्या स्वरांत घुटमळतो, दुसऱ्यात सूर वर चढतो आणि हळूहळू घरी परततो. हुंदका कुठेच नाही.

मग या धुनेला शोकधून कशाने म्हणायचे? माझे म्हणणे असे, की या परंपरेतला शोक स्वरांच्या निवडीपेक्षा त्यांच्याभोवतीच्या नियमांत अधिक आहे. काय वाजवायचे नाही, कोणत्या क्रमाने जायचे, कोणासाठी वाजवायचे, यांनी तो घडतो. तीन उदाहरणांतून हे तपासता येईल.

पहिले उदाहरण हायलंड बॅगपाइपचे. या वाद्याला नऊच स्वर आणि मागे तीन नळ्यांचा अखंड षड्ज. पिशवीत हवा आहे तोवर आवाज थांबत नाही. तो लहानमोठाही करता येत नाही. एकच स्वर दोनदा वाजवायचा तरी मध्ये दुसऱ्या स्वराचा निमिषभर स्पर्श द्यावा लागतो. म्हणजे सुस्कारा, आवंढा, शांतता ही शोकाची नेहमीची साधने वादकाला बंद! उरतात दोनच : स्वर किती लांबवायचा आणि त्याला कोणता अलंकार द्यायचा. पिब्रॉख हा या वाद्याचा गंभीर प्रकार याच दोहोंवर उभा आहे. आधी ‘ऊर्लार’ म्हणजे जमीन, ही मूळ संथ धून. मग तिच्यावर क्रमाने अधिकाधिक गुंतागुंतीची आवर्तने. पूर्वी गुरू ही सारी रचना अर्थहीन अक्षरे गाऊन शिकवत; आपल्याला पखवाजाच्या बोलांची आठवण व्हावी.

‘लॅमेंट फॉर द चिल्ड्रन’ ही पिब्रॉख सतराव्या शतकातल्या पॅट्रिक मोर मॅक्रिमनच्या नावावर आहे. स्काय बेटावरच्या मॅक्लाउड सरदारांचा हा वंशपरंपरागत वादक. त्याच्या आठ मुलांपैकी सात वर्षभरात देवीने गेले, असे परंपरा सांगते. रचनेची वाढ पाहून ख्यालाची बढत आठवेल. पण ख्याल द्रुत लयीत जाऊन संपतो, तर पिब्रॉखमध्ये बोटांची सारी कसरत झाल्यावर वादक पुन्हा ऊर्लारवर येतो. तीच धून, तीच लय. मधल्या आवर्तनांनी काहीच बदलले नाही, हे ऐकणाऱ्याला तेव्हा कळते. आज पुष्कळ ध्वनिमुद्रणांत फक्त ऊर्लार वाजवून थांबतात. धून सुंदरच लागते, पण परत येणे गेले की शोकाचा कणाच गेला.

दुसरे उदाहरण आयर्लंडचे. तिथे मयताजवळ बायकांनी हेल काढून रडण्याची, गेलेल्याला नावाने हाक मारून त्याचे गुण गाण्याची रीत होती. चर्चच्या धर्मसभांनी सतराव्या शतकापासून तिचा निषेध केला, तरी ती दीर्घकाळ टिकली. 1773 मध्ये नवरा आर्ट ओ’लिअरी मारला गेल्यावर आयलीन दुव हिने केलेला विलाप लोकांच्या तोंडी राहिला आणि आज तो आयरिश काव्याचा मानबिंदू आहे. इथे शब्दच मुख्य होते.

‘स्लो एअर’ मात्र शब्दांवाचून वाजते. ती बहुधा एखाद्या जुन्या आयरिश गाण्याचीच चाल असते. 1792 मध्ये बेलफास्टला वृद्ध हार्पवादक जमले तेव्हा एकोणीस वर्षांच्या एडवर्ड बंटिंगने त्यांच्या चाली टिपल्या. 1796 च्या त्याच्या पुस्तकात चाली आहेत, शब्द नाहीत. शब्द गोळा करायला त्याने 1802 मध्ये पॅट्रिक लिंचला कॉनाख्ट प्रांतात पाठवले. पुढे दुष्काळाने आणि स्थलांतराने भाषाच आक्रसली. म्हणूनच स्लो एअर शिकवणारे जाणते वादक आजही सांगतात, आधी गाणे शिका. या चालीला ठोका नाही. श्वास कुठे घ्यायचा हे कडव्यातला शब्द ठरवतो. शब्द ठाऊक नसलेला वादक स्वर कुठेही ताणतो आणि ऐकणारा त्यालाच भावना समजतो. माझ्या मते या वादनाची खरी कसोटी इथेच लागते.

तिसरे उदाहरण ‘फ्लॉवर्स ऑफ द फॉरेस्ट’चे. 9 सप्टेंबर 1513 रोजी फ्लॉडनच्या लढाईत स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स आपल्या फौजेसह पडला, त्याचा हा शोक. चाल सतराव्या शतकातल्या हस्तलिखितात सापडते. आज प्रसिद्ध असलेले शब्द अठराव्या शतकात जीन एलियटने लिहिले. आज ती पाइपवर अंत्यविधीला आणि स्मृतिदिनाला वाजते. एरवी चारचौघांत ती वाजवायची नाही, असा संकेत कित्येक पाइपवादक पाळतात. सराव करायचा तोही एकांतात.

आता या साऱ्या धुना ‘मनःशांतीसाठी केल्टिक संगीत’ अशा नावाखाली एकामागून एक मोबाइलवर ऐकू येतात. त्या गोड आहेत, म्हणून झोपही लागते. पण मार्गारेटचे नाव, सात मुले आणि फ्लॉडनचे रण तिथून पुसले जाते. शोकधून ही कुणासाठी तरी असते. ते नाव माहीत करून घेऊन ती एकदा अथपासून इतिपर्यंत ऐकावी, एवढीच वाचकांना विनंती.